उजव्या कानातला बेस

“उजवीकडे बेस नाहीये,” शिवतेज धनकवडे म्हणाला आणि कानातले इअरफोन काढून त्याने माझ्यापुढे टेबलावर ठेवले.

नंदिनी माझ्या शेजारीच उभी होती. एकाचं ऐकून झालं की स्पिरिटच्या बोळ्याने इअरफोन पुसून पुढच्याला द्यायचे, एवढंच काम तिला नेमून दिलं होतं. तिने इअरफोन उचलले, पुसायला घेतले आणि उजवा जरा जास्तच वेळ पुसत राहिली.

“नाहीये म्हणजे अजिबातच नाही?” मी विचारलं.

“आहे हो मॅडम, पण नुसता वरवरचा. डावीकडे कसा इथे लागतो,” त्याने बरगड्यांखाली हात ठेवला. “उजवीकडे ढोल फुटल्यासारखा वाजतोय.”

आत काय ऐकलं ते कुणाला सांगायचं नाही असं बजावून मी त्याला बाहेरच्या खोलीत बसायला सांगितलं आणि पुढच्याला बोलावलं.

ही गोष्ट श्रावणातली, टिळक रस्त्यावरच्या बापटांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरची. श्रीरंग बापटांची ऑडिओची दुकानं पुण्यात होती, नाशकात होती, नागपूर-कोल्हापुरातही होती. बेसवेड्या गिऱ्हाइकांसाठी वायरवाले, महागातले, कानाच्या आत बसणारे इअरफोन त्यांना सगळ्या दुकानांत ठेवायचे होते, आणि ठेवायची होती एकच जोडी. निवड दोनांतून होती. एक परदेशातली, नावाजलेली. दुसरी नंदिनी टिळेकरची. नऱ्ह्यात वडिलांच्या गॅरेजच्या अर्ध्या भागात ती एकेक कवच हाताने ओतायची, घासायची, त्यात खर्जासाठी एक मोठा स्पीकर आणि वरच्या सुरांसाठी बारके स्पीकर बसवायची. त्यासाठी तिने कोइमतूरची चांगली नोकरी सोडली होती.

निवाडा माझ्याकडे होता. मी वृंदा केळकर. तीस वर्षं गाण्यांचं ध्वनिमुद्रण केलं, गुडघे कुरकुरायला लागल्यावर घरी बसून इअरफोनची परीक्षणं लिहायला लागले. लोक ती वाचत, कारण मी फटकळ लिहिते. खरं तर बेसचं आणि माझं फारसं जमत नाही. माझा जन्म तंबोऱ्याच्या तारा ऐकण्यात गेला, छातीत धडका देणारा आवाज मला आगंतुक पाहुण्यासारखा वाटतो. हे बापटांना ठाऊक होतं. म्हणून ते म्हणाले होते, “तुम्ही परीक्षा घ्या, अहवाल लिहा, सही करा. पण कान तुमचे नकोत. बेस कळतो कुणाला? ज्याच्या पोटावर ढोल बांधलेला असतो त्याला.” आणि त्यांनी शिवतेजचं अख्खं ढोल-ताशा पथक गाठून त्यातले निवडक वादक बोलावले.

नंदिनी आधी माझ्या स्टुडिओत मदतनीस होती. हे बापटांपासून लपवलेलं नव्हतं, पण त्यामुळेच मी त्या दिवशी तिच्याशी गरजेपेक्षा एक शब्द जास्त बोलत नव्हते. कुठली जोडी कुणाची ते वादकांना सांगितलेलं नव्हतं. ती तिथे नुसती पुसणारी बाई होती.

पुढचा मुलगा आला. मी ध्वनिमुद्रण लावलं. त्यांच्याच पथकाचं, घरी बसायच्या आधी मीच केलेलं. त्यात ढोलाची हाताने थाप मारायची बाजू अशी उतरली होती की माझ्या घरच्या कपाटाच्या काचा थरथरायच्या. त्याने डोळे मिटले, मान डोलवली, मग कपाळाला आठी पाडली.

“उजवीकडे थाप गेली,” तो म्हणाला. मग बोटाने उजवा इअरफोन आत दाबला. “आता आली. सोडली की परत गेली.”

तिसराही तेच म्हणाला. चौथ्याने तर माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि विचारलं, हे खराब पीस आहे का म्हणून. कुणी कुणाचं ऐकून बोलत होतं म्हणावं तर मी एकेकालाच आत घेत होते, मधलं दार जाड होतं. परदेशी जोडी लावली की प्रत्येक जण म्हणे, दोन्हीकडे सारखं, बेस थोडा कमी पण सारखा.

हाताने बनवणाऱ्याला बेस कमी पडला तर चालतो, तो वाढवता येतो. पण डावं आणि उजवं एकसारखं नसणं म्हणजे कारागिराला हातच नाही असं म्हणण्यासारखं. माझ्या अहवालात तसं एकदा लिहून आलं की बापटच काय, मुंबई-बंगळुरूतला एकही दुकानदार नंदिनीचा फोन उचलणार नव्हता. या धंद्यात अशी गोष्ट चहाच्या आधी पोचते.

पथकातली एकच मुलगी आली होती, मृणाल. ती ताशा वाजवायची. तिने इअरफोन घातले आणि पूर्ण ठेका संपेपर्यंत हूं का चूं केलं नाही.

“भारी आहेत,” ती म्हणाली. “दोन्हीकडे सारखे. परत लावा ना एकदा.”

मागे खुर्चीत बसलेले बापट हसले. “ताशावाली आहे हो ती. कडकडाट ऐकायची सवय. तिला बेसचं काय कळणार?”

मृणालने त्यांच्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मला फार आवडली. पण एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला ती एकटी, म्हणून मी गप्प बसले.

मग नंदिनीने पिशवीतून तिचा खोटा कान काढला. रबराचा, माणसाच्या कानासारखाच वळणदार, आत मायक्रोफोन बसवलेला. त्यात इअरफोन घालायचा आणि पडद्यावर आलेख बघायचा. आधी डावा घातला, मग उजवा. दोन्ही रेघा एकीवर एक अशा बसल्या की दुसरी दिसेना.

“बघा,” मी बापटांना म्हटलं.

“बघितलं. पण मला रबराला विकायचेत का?” बापट शांतपणे म्हणाले. ते काही वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना माल विकायचा होता, आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत आलं की काउंटरवर तोंड त्यांनाच द्यावं लागे. “चार जाणती पोरं एकच गोष्ट सांगतायत. हातच्या मालात डावं-उजवं व्हायचंच, वृंदाताई. मी तिला दोष देत नाही. पण तुम्ही लिहा, आणि आज लिहा.”

मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेरच्या गॅलरीत आले. नंदिनी पाठोपाठ आली. ती रडत वगैरे नव्हती, ती रडणाऱ्यांतली नाही. तिचे ओठ मात्र पांढरे पडले होते.

“तुम्ही लिहा ताई,” ती म्हणाली. “त्यांना ऐकू आलं ते खोटं नाहीये. कुठेतरी माझंच चुकलंय, मला सापडत नाहीये इतकंच. कोइमतूरवाल्यांनी सोमवारपर्यंत जागा ठेवलीय. बाबांना त्यांचं गॅरेजही पूर्ण वापरायला मिळेल.”

बाबांचं गॅरेज तिने मध्ये आणलं आणि मला इतका राग आला, की तिचा, बापटांचा की त्या चार पोरांचा ते मलाच कळेना. मी तिला म्हटलं, जोडी दे इकडे. मोबाइलला लावून स्वतःच्या कानात घातली. बेस आला, डावीकडे आला, उजवीकडेही आला, आणि मला नेहमीप्रमाणे नकोसा झाला. म्हणजे जोडी ठीक होती. मग ही पोरं काय ऐकत होती?

गॅलरीच्या काचेतून बाहेरची खोली दिसत होती. पोरं वडापाव खात होती. सकाळी आल्यापासून त्यांचा एकच विषय चालला होता, ओजस नावाचा कुणी नवा वादक. आदल्या आठवड्यात शिवतेजने त्याला सरावातून घरी पाठवलं होतं, कारण त्याने भिकबाळी घातली होती ती दाबाची, कान न टोचता नुसती चिमटून बसवायची. या पथकात ढोलवाल्यांचा नियम असा की पहिल्या सरावाच्या दिवशी उजव्या कानाला वरच्या बाजूला टोचून घ्यायचं, मोत्यांची भिकबाळी घालायची आणि विसर्जनापर्यंत उतरवायची नाही. टोचलेली नसेल त्याने ढोलाला हात लावायचा नाही. पोरं ओजसची नक्कल करून हसत होती आणि शिवतेज खाली मान घालून मोबाइल बघत होता.

मला या सगळ्या प्रकाराचं आधीपासून हसू येई. गणपती जवळ आले की पुण्यातल्या प्रत्येक उजव्या कानाला सरदारकी चढते. मी काचेतून त्यांच्याकडे तशाच नजरेने बघत होते. चार उजवे कान, चार भिकबाळ्या. मृणालने वडापावचा कागद चुरगाळला आणि केस कानामागे सारले. तिचा कान मोकळा होता.

मी नंदिनीला हाताला धरून आत ओढलं.

“तुझी वायर कशी जाते?”

“कानावरून. मागे वळसा घालून.”

“आणि त्या परदेशीची?”

“सरळ खाली लोंबते,” ती म्हणाली, आणि तिच्याही ध्यानात आलं. तिने तोंडावर हात ठेवला.

ज्यांनी असे इअरफोन वापरले नसतील त्यांच्यासाठी सांगते. कानाच्या आत जाणारी रबराची टोपी भोकात घट्ट बसली तरच बेस ऐकू येतो. केसाएवढी फट राहिली की खर्ज त्यातून निघून जातो, वरचे सूर मात्र तसेच राहतात. नंदिनीच्या वायरचा वळसा त्या पोरांच्या भिकबाळीवर टेकत होता आणि इअरफोनला किंचित बाहेर ओढत होता. म्हणूनच तो मुलगा बोटाने दाबायचा तेव्हा थाप परत यायची. मी ते ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं.

मी सगळ्यांना आत बोलावलं आणि बापटांसमोर हे समजावून सांगितलं. मग शिवतेजला म्हटलं, “तुमच्यापैकी एकाने भिकबाळी उतरवून ऐकायचं. दोन मिनिटांचं काम आहे.”

पोरांनी शिवतेजकडे बघितलं.

“नाय जमणार मॅडम,” तो म्हणाला. “आमच्यात मध्येच उतरवत नाहीत.”

“अरे, परत घाला ना.”

“परत घालायचा प्रश्न नाही. काढायचीच नाही असं आहे. मी पोरांना एक सांगू आणि इथे एसीत बसून वेगळं करू का?”

त्याचा आवाज चढला नव्हता, पण पुढे बोलायला जागा ठेवली नव्हती. मी कागदाची क्लिप माझ्या कानाला लावली, नंदिनीची जोडी घालून वायरचा वळसा क्लिपवरून घेतला, आणि बेस गेला. मी हे बापटांना सांगितलं.

“तुमचे कान मी आधीच वगळलेत, वृंदाताई,” बापट म्हणाले. “आणि तुम्ही तिला ओळखता. उद्या कुणी विचारलं तर मी काय सांगू? ज्यांनी नाही म्हटलं, त्यांच्यातल्या एकाने हो म्हणायला हवं.”

यात चूक काढायला जागा नव्हती. मी शिवतेजकडे वळले आणि आता त्याला चांगलं सुनवणार, तोच नंदिनी मध्ये आली.

“नको ताई. त्यांना जबरदस्ती नका करू. त्यांचा नियम आहे तो.”

शिवतेजने तिच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. “यात तुमचं काय आहे, ताई?”

“काही नाही,” ती म्हणाली.

“तिचे आहेत ते इअरफोन,” मी म्हटलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. “तिने हाताने केलेत. आणि मी आज लिहिलं की डाव्या-उजव्यात फरक आहे, तर यापुढे ती एकही करणार नाही.”

“तुम्ही बनवलेत?”

नंदिनीने मान हलवली.

“आणि मघापासून आमच्या कानातला मळ पुसताय? आम्ही फुटका ढोल म्हटलं तरी?”

“तुम्हाला तसं ऐकू आलं,” ती म्हणाली. “तुम्ही तेच सांगायला हवं होतं.”

शिवतेज उठला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. खाली टिळक रस्ता नेहमीसारखा भोंगे वाजवत होता. पोरांपैकी एकाने उगाच खाकरून बघितलं. बापटांनी घड्याळाकडे पाहिलं, आणि माझ्याकडे. मी पेन उघडलं. आता दुसरं काही करण्यासारखं राहिलं नव्हतं आणि खोटं लिहायचं नव्हतं, एवढंच मला कळत होतं.

तो परत आला आणि खुर्चीत बसला.

“लावा ताई परत,” तो नंदिनीला म्हणाला.

मग त्याने दोन बोटं कानाकडे नेली. मला वाटलं आता फिरकी काढेल, तार सोडवेल, वेळ लागेल. त्यातलं काही झालं नाही. त्याने नुसती चिमूट सैल केली आणि भिकबाळी त्याच्या तळहातात आली.

पोरं पुढे सरकली.

“दादा?” एक पोरगा म्हणाला.

“दाबाची आहे,” शिवतेज समोर बघत म्हणाला. “मी टोचलं होतं. दोनदा टोचलं, दोन्ही वेळा गाठ धरली. दुसरी गाठ डॉक्टरांना कापावी लागली. ते म्हणाले, परत कानाला सुई लावू नकोस.” त्याने केस वर धरले. कानाच्या वरच्या कडेला चकचकीत, ताणल्यासारखा वण होता. “त्या वर्षी पथक नुकतंच माझ्याकडे आलं होतं. काय सांगणार होतो? म्हणून ही घेतली. सहा वर्षं कुणी हात लावून बघितलं नाही.”

पोरं त्या वणाकडे बघत होती. मला तिथून उठून जावंसं वाटलं. एखाद्या माणसाला आपल्या माणसांसमोर असं उभं राहिलेलं बघायचा हक्क मला नव्हता.

नंदिनीने इअरफोन त्याच्या कानात घातले. वळसा कानामागे नीट बसवला. तिची बोटं गार पडली असावीत, कारण तो दचकला. मी ध्वनिमुद्रण लावलं.

आधी नुसता ताशा होता. शिवतेजचे डोळे मिटलेले होते. मग ढोल आले. त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, आणि मला वाटलं, संपलं, आपलं सगळं गणित चुकलं. नंदिनीने खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली होती.

त्याचा उजवा हात मांडीवर होता. तो उचलला गेला आणि त्याने मांडीवर थाप मारली. मग दुसरी. ठेक्यात.

“आला,” तो म्हणाला.

“कुठे?” बापट पुढे झुकले.

“उजवीकडे. दोन्हीकडे.” त्याने भिकबाळी तशीच चिमटून कानाला लावली, वळसा तिच्यावर टेकवला. “आता गेला.” परत काढली. “आला. यंत्रात खोट नाहीये काका. खोट माझ्या कानात आहे.”

बापट खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले, “लिहा, वृंदाताई. जे झालं ते लिहा. आणि मुली, जोडी तुझीच ठेवतो, पण तो वळसा बारीक कर, माझी निम्मी गिऱ्हाइकं गणपतीत भिकबाळीवालीच असतात.” नंदिनी हो म्हणाली आणि लगेच पाठ फिरवून पिशवी आवरायला लागली. तिथे आवरण्यासारखं काहीच नव्हतं.

पण शिवतेज अजून खुर्चीतच होता. पोरं त्याच्याभोवती उभी होती, कुणी जवळ जाईना, कुणी लांबही जाईना. सकाळी ओजसची नक्कल करणारा पोरगा भिंतीकडे तोंड करून उभा होता. शिवतेजने मोबाइल काढला आणि आमच्या सगळ्यांसमोर फोन लावला.

“ओजस, शिवतेज बोलतोय. उद्या सरावाला ये.” पलीकडून काहीतरी बोलणं झालं. “नाही, टोचायला जाऊ नकोस. आहे तीच घालून ये.” परत पलीकडचं बोलणं, यावेळी लांब. शिवतेजने डोळ्यांवरून हात फिरवला. “अरे, चेष्टा नाही करत. चूक तुझी नव्हती. ये तू. ढोल मी बांधतो तुझ्या कंबरेला.”

जाताना तो भिकबाळी टेबलावर विसरला. नंदिनी ती घेऊन जिन्यात धावली. मी वरून ऐकलं, तो म्हणाला, “राहू दे ताई. तुमच्या त्या रबरी कानाला घाला. त्याला पण कळू दे.”

त्या वर्षी मिरवणुकीत तो पथकाच्या पुढे मोकळ्या कानाने चालला. बेस मला आवडत नाही हे सांगितलंच आहे, तरी मी ते पथक पुढे जाईपर्यंत उभी होते.

नंदिनीचं गॅरेज आता तिचं एकटीचं आहे. वडिलांनी आपली अर्धी बाजू रिकामी करून दिली. परवा गेले होते तेव्हा नवीन आलेली एक मुलगी जोडी तपासत होती. तिने इअरफोन रबरी कानात घातला आणि आलेख बघायला वळली.

“थांब,” नंदिनी म्हणाली. “आधी त्याला भिकबाळी घाल.”

मुलीने खणातून ती काढली. मोती पिवळे पडलेत, दाब सैल झालाय. नंदिनीने पकडीने तो जरा आवळून दिला आणि ती स्वतःच्या हाताने रबराच्या कानाला लावली.